वरचं निरंतर, खालचं निरंतर

सदाशिव पेठेत पाटी नसलेली जागा सापडणं कठीण. तरी एक होती. खाली दातांचा दवाखाना, वर स्पर्धा परीक्षावाल्यांची अभ्यासिका आणि दोघांच्या मध्ये दोन खोल्यांचं एक ऑफिस. दारावर नाव नाही, बेलखाली नाव नाही. कुरिअरवाला दर वेळी दवाखान्यात चौकशी करायचा आणि तिथली बाई दर वेळी मान वर न करता सांगायची, “बिननावाचे? वर.”

पाटी न लावण्याचं कारण साधं होतं. लावायची तर कुठली लावणार? त्या दोन खोल्यांत चाळीसेक दुकानं होती. फ्रिजची, गिझरची, वॉशिंग मशीनची, मिक्सरची. कोणी कोथरूडचं, कोणी कात्रजचं, कोणी खराडीचं. दुकानं म्हणजे नुसती नावं. मोबाईलवर कोणी काही शोधलं की सगळ्यात वर जे नाव येतं, ज्याच्या शेजारी फोनचं चित्र असतं आणि जे घाईत दाबलं जातं, ते नाव.

दीपमाला खोब्रागडे अशा दहा-अकरा दुकानांत एकाच वेळी कामाला होती. एकाच खुर्चीत बसून. फोन वाजला की समोरच्या स्क्रीनवर उमटायचं, की या घटकेला तू अमुक. तिने ते वाचायचं आणि ते व्हायचं. “नमस्कार, सुखदा गिझर सर्व्हिस, आपली काय सेवा करू?” हा फोन ठेवला की पुढच्याला ती वॉशिंग मशीन. सुरुवातीला एकदोनदा तिला हसू आलं. मग येईनासं झालं. चीडही यायची थांबली. काहीच न येण्याची सवय लागली, आणि या धंद्यात त्या सवयीसारखी दुसरी गुणाची गोष्ट नाही. सकाळी तिचा आवाज वेळेवर कामावर हजर व्हायचा. ती स्वतः मागाहून, दुपारच्या चहापर्यंत पोचायची. कधी कधी पोचायचीच नाही.

आली होती ती वरोऱ्याहून, राज्यसेवेचा अभ्यास करायला. वरच्याच अभ्यासिकेत खिडकीजवळची जागा होती तिची. पूर्वपरीक्षा दोनदा हुकली आणि ती एक मजला खाली उतरली. तिचा पुण्यातला प्रवास तो एवढाच. ही खुर्ची होती तोवर पुणं होतं. खुर्ची गेली की वरोरा, आणि वरोऱ्यात आईने दोन स्थळं ताटं वाढून बसवावीत तशी बसवून ठेवलेली.

“काऊन वं, जेवली का?” आई रोज फोनवर विचारायची.

“जेवले.”

“पुण्याचं बोलाले लागली तू.”

लागली होती. पहिल्याच आठवड्यात अनिरुद्ध सरांनी सांगितलं होतं, “गिऱ्हाईकाला वाटलं पाहिजे, की दुकान इथलंच आहे. अहो म्हण, आपण म्हण, आणि ते ‘होय ना बाप्पा’ बंद कर.” अनिरुद्ध हा या बिननाव्या ऑफिसचा मालक. वय तिशीचं. मला सर म्हणू नका असं सगळ्यांना बजावणारा आणि कोणी नुसतं अनिरुद्ध म्हटलं की दोन दिवस गप्प राहणारा. माणूस वाईट नव्हता. वाढदिवसाला केक आणायचा. त्याच्याकडे एक सिद्धांत होता आणि तो नव्या माणसाला पहिल्या दिवशी ऐकवायचा.

“लोक काय शोधतात?” त्याने दीपमालाला विचारलं होतं. “मिक्सर दुरुस्ती? छे. लोक नाव शोधतात. आईने सांगितलेलं, शेजारणीने सांगितलेलं. जुन्या दुकानाचं नाव. ते नाव आपण घ्यायचं.”

“त्यांच्याकडून?”

“त्यांच्याकडून कशाला? त्यांच्याकडे फक्त पाटी आहे. आपण वरची जागा घेतो. त्यांचं दुकान खाली दिसतंच की, आपण काय ते पुसतो का?”

“आणि ही जाहिरात आहे ते कळत नाही का कोणाला?”

“लिहिलेलं असतं ना, ‘प्रायोजित’ म्हणून. मुंगीएवढं असतं, पण असतं. आपण काही लपवत नाही. लोक वाचत नाहीत याला मी काय करू?” मग तो जरा गंभीर झाला. “एक लक्षात ठेव. कोणी आपलं नाव दाबलं रे दाबलं की आपल्याला पैसे पडतात, मग काम मिळो न मिळो. म्हणून फोन आला की त्या घरी माणूस गेलाच पाहिजे. फोन फुकट जाता कामा नये.”

घरी जाणारा माणूस म्हणजे सोनबा. बाईकवर फिरायचा. बिघाड कसलाही असो, मोटर बदलून यायचा. त्याचाही एक सिद्धांत असावा, पण तो त्याने कोणाला सांगितला नाही.

तर त्या चाळीस नावांतलं एक नाव होतं निरंतर मिक्सर, बुधवार पेठ. स्क्रीनवर लिहिलेलं असायचं, ‘चाळीस वर्षांचा विश्वास.’ दीपमाला ते वाक्य दिवसातून कितीदा तरी म्हणायची. चाळीस वर्षांपूर्वी ती नव्हती, अनिरुद्ध नव्हता, त्यांचा हा फोनही नव्हता. विश्वास मात्र होता.

आणि वरच्या निरंतरच्या खाली, अंगठ्याच्या एका ढकलीवर, खालचं निरंतर होतं. अर्ध्या शटरचा एक अंधारा फोटो, घरगुती फोनचा नंबर आणि तीन तारे. त्याखाली लोकांनी लिहिलेलं. ‘काम उत्तम, बोलणं अत्यंत उद्धट.’ ‘मिक्सर हातात घेतला, परत दिला, म्हणाले तुम्हाला मिक्सरची गरज नाही, पाटा घ्या.’ ‘पैसे घेतले नाहीत पण अपमान केला.’

एके दुपारी स्क्रीनवर ‘निरंतर’ उमटलं. दीपमालाने फोन घेतला.

“नमस्कार, निरंतर मिक्सर सर्व्हिस, आपली काय सेवा करू?”

पलीकडे मागे कुठेतरी घंटा वाजत होती, आरतीसारखी.

“कुठलं निरंतर?” म्हाताऱ्या माणसाचा आवाज.

“बुधवार पेठेतलं, सर. चाळीस वर्षांचा विश्वास.”

“बेचाळीस.”

“सॉरी सर?”

“बेचाळीस वर्षं झाली. आणि सेवा नाही, दुरुस्ती. सेवा देवळात करतात. इथून चार पावलांवर दगडूशेठ आहे, तिथे चाललीय ती. ऐकू येत असेल.”

“आपला मिक्सर कोणत्या कंपनीचा आहे, सर?” दीपमाला म्हणाली. कागदावर पुढचा प्रश्न तोच होता.

“सगळ्या कंपन्यांचे आहेत. समोर ढीग पडलाय.”

“काय प्रॉब्लेम आहे?”

“प्रॉब्लेम असा आहे बाई, की मी निरंतरमधून बोलतोय. महिपती वडके. आता तुम्ही कुठून बोलताय ते सांगा.”

दीपमालाने फोन ठेवला. नियम तसा होता, की दुकानवाल्याचा फोन आला की ठेवायचा आणि नंबर बंद करून टाकायचा. बंद करताना कारण निवडावं लागे. चुकीचा नंबर, त्रास देणारा किंवा इतर. ती थोडा वेळ त्या तीन पर्यायांकडे बघत राहिली. नंबर चुकीचा म्हणावा तर तो चांगला बरोबर होता. त्रासही फारसा दिला नव्हता. तेवढ्यात गिझरचा फोन वाजला, ती गिझर झाली आणि वडक्यांचा नंबर तसाच उघडा राहिला. यात दया-माया काही नव्हती. विसरली, इतकंच.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा ‘निरंतर’.

“ठेवू नका,” महिपती म्हणाले. “मी भांडायला फोन केलेला नाही. भांडायला मी समोर येतो. तुमचा माणूस परवा बायडाबाईंकडे गेला होता. भोरी आळीत मसाले दळतात त्या. त्यांच्या मिक्सरच्या भांड्याचं खालचं वायसर गेलं होतं. त्याने मोटर बदलली. आज बाई दुकानात येऊन, चारचौघांत मला म्हणाल्या, महिपती, म्हातारपणी लुटायला लागलास का रे? त्यांच्या सासूचा पहिला मिक्सर मी दुरुस्त केलाय.”

“सर, मी आपली तक्रार नोंदवून घेते.”

“कुठे?”

तक्रार नोंदवायला जागा नव्हतीच. ते वाक्य फक्त बोलायचं होतं.

“ओळखीच्या वकिलाला विचारलं,” महिपती सांगत होते. “तो म्हणाला, नाव रजिस्टर केलंय का? म्हटलं, पाटीवर लिहिलंय. तो हसला. बरं, ऐका. आमच्या घरात तांबटकी होती. वडील बंब घडवायचे. ठोकून ठोकून कान गेले त्यांचे, पण वडक्यांचा बंब गळला असं कोणी म्हटलं नाही. माझ्यामागे हे दुकान चालवायला कोणी नाही. ते बंद पडणार ते पडणारच. पण निरंतरवाला लबाड निघाला, असं होऊन बंद पडता कामा नये. मला तेवढंच पाहिजे.”

“मी काय करू शकते, काका?”

“काका म्हणू नका. काका म्हटलं की पुढे काहीतरी मागणं असतं. तुम्ही नोकरीला आहात. सोडा म्हणणार नाही. निदान फोन तरी नीट उचला.”

“नीटच उचलते.”

“काय नीट? सेवा काय, नमस्कार काय. आमच्याकडे फोन उचलला की ‘बोला’ म्हणतात. पुढे एक अक्षर नाही. गिऱ्हाईक घाबरलं पाहिजे जरा. घाबरलं की खरं बोलतं. आणि ‘लगेच माणूस पाठवतो’ असं निरंतरने आयुष्यात कोणाला म्हटलेलं नाही. कोण आहे पाठवायला? मीच आहे, आणि मी जात नाही.”

आता एखाद्याला वाटेल, की इथे दीपमालाच्या काळजात काही हललं असेल. तसं काही झालं नाही. तिने ते ऐकलं, फोन ठेवला आणि दुपारचा डबा खाल्ला. भाजी कसली होती ते तिला संध्याकाळी आठवलं नसतं.

पण म्हातारा रोज फोन करायचा. दुपारी शटर अर्धं ओढलं की नंबर फिरवायचा. एखाद्या शाखेची तपासणी करावी तसा. “आज काय आलं?” असं विचारायचा. दीपमाला सांगायची. पलीकडे बसलेली सोनाली, जिच्याकडे सगळे फ्रिज होते, भुवया उंचावून विचारायची, “कोण गं?” आणि दीपमाला म्हणायची, “निरंतर.” यात खोटं काहीच नव्हतं.

“गिऱ्हाईक म्हणालं, मिक्सर एकदम बंद पडला,” दीपमाला सांगायची.

“एकदम काही बंद पडत नाही. काय घातलं होतं, विचारलंत का?”

“नाही. कंपनी विचारली.”

“कंपनी काय करायचीय? सोयरीक जुळवायचीय? मिक्सर आपणहून बिघडत नाही, घरातलं कोणीतरी बिघडवतं. आणि जो फोन करतो ना, त्यानेच बिघडवलेला असतो. म्हणून तो सांगत नाही. काय घातलं होतं, असं विचारायचं आणि गप्प बसायचं. बोलायचं नाही मध्ये. पुरण निघेल, गूळ निघेल, नाहीतर हळकुंड. मग सांगायचं, प्लग काढा, मिक्सर उलटा करा, खाली लाल बटण आहे ते दाबा. दहातले सहा तिथेच परत.”

“आणि उरलेले चार?”

“दोघांचं वायसर. एकाला नवा घ्या म्हणायचं. एकच माझ्याकडे यायच्या लायकीचा.”

असे बरेच दिवस गेले. दीपमाला त्याच्याशी बोलायची आणि पुढच्या फोनला “लगेच माणूस पाठवते” म्हणायची. दोन्ही एकाच आवाजात. पण रोज कानावर पडणारी गोष्ट कुठेतरी साठत असते, आपल्या परवानगीशिवाय. एका सकाळी, रात्री नीट झोप न झालेली, डोकं जड, स्क्रीनवर ‘निरंतर’ उमटलं आणि तिच्या तोंडून निघालं,

“बोला.”

“अं? निरंतर का?” एक बाई, बिचकलेल्या.

“हो.”

“मिक्सर बंद पडलाय हो. म्हणजे एकदमच. काल संध्याकाळपर्यंत चांगला...”

“काय घातलं होतं?”

बाई गप्प. दीपमालाही गप्प. खरं तर तिला पुढे काय म्हणायचं ते आठवत नव्हतं, म्हणून ती गप्प होती.

“...हळकुंडं,” बाई शेवटी म्हणाल्या. “पण अगदी थोडी.”

“प्लग काढा. उलटा करा. खाली लाल बटण आहे. दाबा. भांडं रिकामं करून चालू करा.”

थोडी खुडबुड ऐकू आली. मग फोनमधून ‘घुर्रर्र’ असा दणदणीत आवाज आला, इतका की दीपमालाने इअरफोन कानापासून लांब धरला. इतके महिने ती फोन घेत होती, पण फोनच्या पलीकडे काही सुरू झालेलं तिने तोपर्यंत ऐकलं नव्हतं.

“अगंबाई! झाला की!” बाई ओरडल्या. “किती द्यायचे?”

“ठेवा,” दीपमाला म्हणाली.

तिला आनंद झाला का? सांगता येत नाही. तिने तो इअरफोन पुन्हा कानात घातला आणि पुढचा निरंतरचा फोन आला तेव्हाही “बोला” म्हणाली. एवढंच नोंदवण्यासारखं.

दुपारी महिपतींना तिने सांगितलं. ते म्हणाले, “बरं.” पुढच्या दिवशी पाच जण परत पाठवल्याचं सांगितलं. ते म्हणाले, “बरं. पण ‘ठेवा’ जरा लवकर म्हणता. गिऱ्हाईकाला आभार मानू द्यावेत. मानू द्यायचे आणि मग ठेवा म्हणायचं.”

आता यातला धोका दीपमालाला कळत नव्हता असं नाही. निरंतरवरून सोनबाला कामं जाईनात. बाकीच्या नावांवर ती पूर्वीसारखीच नमस्कार आणि सेवा होती. फक्त या एका नावावर तिची जीभ वेगळ्या वळणाने जायची. खुर्ची जाईल हे तिला दिसत होतं, पण समोरच्या बसस्टॉपवर दुसऱ्याच कोणाची बस येताना दिसावी, तसं.

एके सकाळी अनिरुद्धने सगळ्यांना आपल्या टेबलाजवळ बोलावलं आणि लॅपटॉपवर निरंतरच्या एका फोनचं रेकॉर्डिंग लावलं.

“बोला,” लॅपटॉप म्हणाला.

सोनाली फुसकन हसली.

“काय घातलं होतं?” लॅपटॉपने विचारलं. मग बराच वेळ शांतता. अनिरुद्ध दीपमालाकडे बघत होता. लॅपटॉपमध्ये कोणीतरी रडवेल्या आवाजात कबूल केलं, “पुरण.”

“अगं, पोलीस आहेस का तू?” सोनाली म्हणाली.

“दीपमाला, हे काय आहे?” अनिरुद्धने विचारलं. चिडून नाही. त्याला खरंच कळत नव्हतं.

“दुरुस्ती,” दीपमाला म्हणाली.

“आपण दुरुस्ती नाही करत. आपण फोन घेतो. दुरुस्ती सोनबा करतो.”

“सोनबाही नाही करत, सर,” सोनाली म्हणाली आणि पाणी प्यायला निघून गेली.

अनिरुद्धने लॅपटॉप मिटला. “हे बघ. मी काढत नाही तुला. पण उद्यापासून कागदावरचं बोलायचं. शब्दाला शब्द. नाहीतर मग वरोरा छान गाव आहे, असं ऐकलंय मी.”

“बरं, सर.”

दुपारी तिने महिपतींना सांगितलं. त्या दिवशी आरतीची घंटा नव्हती, नुसती पंख्याची घरघर.

“म्हणजे उद्यापासून माणूस पाठवणार.”

“हो.”

“माझ्या नावाने.”

“हो.”

“मोटर बदलणार.”

दीपमाला काही बोलली नाही. समोरच्याला बोलू द्यावं, मध्ये बोलू नये, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं.

“पाठवा मग,” ते म्हणाले. “तुमचं पोट आहे.” आणि पहिल्यांदाच त्यांनी आधी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून दीपमाला शब्दाला शब्द बोलू लागली. “नमस्कार, निरंतर मिक्सर सर्व्हिस, आपली काय सेवा करू?” आणि इथे अशी एक गोष्ट झाली, जी अनिरुद्धच्या सिद्धांतात बसत नव्हती.

“सेवा नको,” पहिलाच माणूस म्हणाला. “त्या बाईंना द्या.”

“कोणत्या बाई, सर?”

“त्या ‘बोला’वाल्या. रागावतात त्या. आमच्या वहिनींचा मिक्सर फोनवर चालू करून दिला.”

“सर, मी लगेच माणूस पाठवते.”

“माणूस कशाला? माणूस आला की मोटर बदलतो म्हणे. त्या बाई कधी असतात?”

सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर ते फिरलं होतं. निरंतर शोधा, सगळ्यात वरचं दाबा, एक बाई फोन उचलते, जरा खवचट आहे पण फुकट सांगते. वाकडहून फोन, वारज्याहून फोन. हडपसरच्या एका गृहस्थांनी तर मिक्सर चालू असतानाच फोन केला, नुसतं विचारायला की पुरण घातलं तर चालेल का. कोणालाच माणूस नको होता. आणि ज्यांना दीपमाला नाही म्हणायची ते पुन्हा वरचं नाव दाबायचे, बाई लागते का बघायला. दर दाबण्याला अनिरुद्धच्या खिशातून पैसे जात होते. नाव इतकं गाजलं, की त्या नावाने ऑफिसला घाम फुटला.

आठवड्याने अनिरुद्ध दीपमालाच्या टेबलाजवळ येऊन उभा राहिला. हातात चहा होता, तो तिच्यासाठीच आणला होता.

“निरंतर काढून टाकलं मी,” तो म्हणाला. “वरची जागा सोडली. नंबरही बंद केला.”

“बरं, सर.”

“शब्दाला शब्द बोललीस. चार-पाच फोन ऐकले मी. तुझी चूक नाही.” त्याने चहा ठेवला. “ते नावच वाईट आहे. माणसं चुकीची येतात त्याच्यावर. तुला नाशिकचे फ्रिज देतो आजपासून. गोदामाई फ्रिज केअर. चांगली माणसं आहेत नाशिकची, वाद घालत नाहीत.”

त्या दुपारी, नेहमीच्या वेळी, स्क्रीनवर निरंतर उमटलं नाही. म्हाताऱ्याने नंबर फिरवला असेल आणि ‘हा क्रमांक अस्तित्वात नाही’ हे ऐकलं असेल. मग काय म्हणाला असेल? “बरं,” एवढंच म्हणाला असेल. दीपमालाला तेवढं मनात आलं आणि नाशिकचा फोन वाजला.

त्यानंतर काही आठवड्यांनी दीपमालाच्या खोलीवरचा मिक्सर बंद पडला. कॉट बेसिसवर राहणाऱ्या चौघींचा मिळून एक मिक्सर. तिने प्लग काढून उलटा केला, लाल बटण दाबलं. नाही चालला. दोनदा दाबलं. नाही. वायसर बघितलं, ठीक होतं. म्हणजे हा दहातला तो एक.

तिने मोबाईलवर निरंतर शोधलं. सगळ्यात वर आता नव्या मिक्सरची जाहिरात होती, पण ती निदान स्वतःला निरंतर म्हणवत नव्हती. खाली अर्ध्या शटरचा अंधारा फोटो, तीन तारे. त्याखाली एक नवीन ओळ आली होती. ‘फोनवरच्या बाई आता नसतात. आता एक गृहस्थ रागावतात.’

जेवणाच्या सुट्टीत ती मिक्सर पिशवीत घालून निघाली. अप्पा बळवंत चौकातून, पुस्तकांच्या गर्दीतून आत वळली. रोज जिथून बोलत होती ते दुकान ऑफिसपासून चालत एवढंसं अंतर होतं. एक माणूस मावेल इतकं दुकान, भिंतीला टांगलेली भांडी, समोर मिक्सरचा ढीग. ढिगाच्या मागे जाड चष्म्याचा, बारीक चणीचा माणूस. आवाजावरून तिला तो उंच वाटला होता.

“बोला,” तो म्हणाला. मान वर न करता.

दीपमालाने पिशवी ठेवली. “चालत नाही.”

“काय घातलं होतं?”

“काही नाही. लाल बटण दाबून बघितलं. वायसरही ठीक आहे.”

महिपतींनी मान वर केली. तिच्याकडे बघितलं, मग मिक्सरकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

“आवाज ओळखीचा वाटतो,” ते म्हणाले. “आमच्याकडे कामाला होतात का कधी?”

“होते. थोडे दिवस.”

“हं.” त्यांनी मिक्सर उलटा केला आणि स्क्रू काढायला घेतले. “का सोडलंत?”

“त्यांनी नाव बंद केलं.”

“कळलं मला. एक दिवस फोन लागला नाही तेव्हा कळलं.” स्क्रू एका वाटीत पडत होते. “बायडाबाई आल्या होत्या. मोटर माझ्या माणसाने बदललेली नव्हती हे पटलं त्यांना. म्हणजे तोंडाने नाही म्हणाल्या. मिक्सर ठेवून गेल्या, म्हणजे पटलं.”

दीपमाला उभी होती. तिला बरं वाटायला हवं होतं. वाटत होतं बहुतेक, पण दुसऱ्या कुठल्यातरी खोलीत, दार लावून.

कोपऱ्यातला काळा फोन वाजला. महिपतींचे दोन्ही हात ग्रीसने भरलेले, एका हातात मोटर, दुसऱ्यात पकड. त्यांनी हनुवटीने फोनकडे खूण केली.

“उचला.”

दीपमालाने रिसीव्हर उचलला आणि तिच्या तोंडाने, तिला न विचारता, म्हटलं, “नमस्कार, गोदामाई फ्रिज केअर, आपली काय सेवा करू?”

पलीकडे कोणीतरी गोंधळलं. महिपतींनी मोटर आणि पकड खाली ठेवली, हात धोतराच्या फडक्याला पुसले, तिच्या हातून रिसीव्हर घेतला.

“बोला,” ते म्हणाले. मग थोडं ऐकून, “हो हो, निरंतरच. बरोबर लागलाय. ती नवीन आहे.”

फोन झाल्यावर त्यांनी मोटर पुन्हा हातात घेतली, दिव्याखाली धरली, वास घेतला.

“जळालीय. उद्या संध्याकाळी या. आणि हळकुंड घालू नका परत.”

“नव्हतं घातलं.”

“सगळे तेच म्हणतात,” महिपती म्हणाले.

दीपमाला पुन्हा सदाशिव पेठेकडे निघाली. नाशिकचे फोन दोनला सुरू व्हायचे.